१ ते ११ : प्रत्येक नंबराचा बादशहा कोण?

डावखुरा
नियम आधीच सांगतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. फुटबॉलच्या जर्सीवरच्या १ ते ११ मधल्या प्रत्येक नंबरासाठी एकच खेळाडू. क्लब असो वा देश, तो नंबर त्याने खरोखर घातलेला हवा. एका खेळाडूला एकच नंबर. आणि नुसता गोलांचा हिशेब नको, नंबर म्हटला की तोच माणूस डोळ्यांपुढे यायला हवा.

माझी टीम अशी: १ याशिन, २ काफू, ३ माल्दिनी, ४ झानेत्ती, ५ बेकेनबाउअर, ६ बारेसी, ७ ख्रिस्तियानो, ८ इनिएस्टा, ९ ब्राझीलचा रोनाल्डो, १० मॅराडोना, ११ गिग्ज.

१ आणि ३ वर वाद व्हायचं कारण नाही. बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान) मिळालेला याशिन हा आजवरचा एकमेव गोलकीपर (१९६३). माल्दिनीचा ३ मिलान क्लबने निवृत्तच करून टाकलाय, दुसऱ्या कोणाला देत नाहीत, अपवाद फक्त त्याच्या मुलांचा. काफूबद्दल एवढंच सांगतो की लागोपाठ तीन विश्वचषक फायनल खेळलेला दुसरा माणूस नाही. ७ वर भांडण होणार, झालंच पाहिजे. ११ वर माझंच समाधान नाही. १० वर मात्र वाटाघाटी बंद.

नऊनंबरी
वाटाघाटी बंद तर धागा कशाला उघडलास? १० पेले. विषय संपला.

रात्रपाळी
"विषय संपला" असा प्रतिसाद आला की धागा दोनशेच्या खाली थांबत नाही. चहा टाकलाय.

शंकासुर
@नऊनंबरी, पेलेच्या १० नंबराची गंमत ठाऊक आहे ना? १९५८ च्या विश्वचषकाला ब्राझीलने खेळाडूंची यादी पाठवली, पण नंबर कळवलेच नाहीत. मग ते बाहेरच्या बाहेर वाटले गेले. गोलकीपर जिल्मारच्या पाठीवर ३ आला, झागालोला ७, गारिंचाला ११ आणि सतरा वर्षांच्या, गुडघा दुखावलेल्या एका पोराला १०. ज्या आकड्यापुढे जग हात जोडतं तो असा चिठ्ठी टाकल्यागत मिळालेला आहे.

नऊनंबरी
मिळाला कसाही असेल, मोठा कोणी केला ते बोला. मॅराडोनाला तो नंबर हवासा वाटला तो पेलेमुळेच.

डावखुरा
आणि नापोली क्लबने २००० साली १० निवृत्त केला तो कोणामुळे? आर्जेंटिनाने तर २००२ च्या विश्वचषकाला १० वगळून २४ पर्यंत नंबर टाकून यादी पाठवली होती. फिफाने ती परत केली, १ ते २३ सलग हवेत म्हणून. शेवटी ओर्तेगाला १० घालावा लागला.

पेठेतला
ओर्तेगाचं काय झालं असंल ओ त्या दिवशी. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेतल्या एखाद्या जुन्या खेळाडूचा नंबर नवीन पोरानं घातला तरी पहिला पास चुकल्यावर गॅलरीतनं काय काय ऐकायला लागतंय ते इथं लिहिता येणार नाही. तिथं तर अख्खा देश बसलेला.

ज्युई
शार्दूल ठाकूर आठवला. पालघरचा पोरगा, २०१७ साली श्रीलंकेत पहिली वनडे खेळला आणि पाठीवर १०. सामन्यात काय केलं ते कोणी बघितलंच नाही, सगळे पाठीमागेच लागले. पुढे त्याने ५४ घेतला आणि बीसीसीआयने सचिनचा १० न सांगता कपाटात ठेवून दिला.

डावखुरा
क्रिकेट नको हां. एकदा सुरू झालं की धागा हातातून जातो.

मडगांवकर
७ वर बोलूया. ख्रिस्तियानोला ७ मिळाला तो मँचेस्टर युनायटेडमध्ये, आणि तोही प्रशिक्षक फर्ग्युसनने गळ्यात घातला म्हणून. त्याला आधीच्या क्लबातला, स्पोर्टिंगमधला, आपला २८ हवा होता. पोर्तुगालकडून तो २००६ च्या विश्वचषकातही १७ घालून खेळला, कारण ७ फिगोकडे होता. रियालमध्ये गेला तेव्हा पहिलं वर्ष ९, कारण ७ राउलकडे. म्हणजे हा बाबा प्रत्येक ठिकाणी ७ साठी रांगेत उभा राहिलेला आहे. पोर्तुगालचा ७ म्हणाल तर आमच्या पिढीला फिगोच.

कळंगुटला २०२१ साली ख्रिस्तियानोचा पुतळा बसवला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. काळे झेंडे घेऊन लोक आले, आमच्या गोव्याचे खेळाडू मेले काय म्हणून. माझंही तेच मत. पुतळाच घालायचा तर ब्रह्मानंद शंखवाळकरांचा घाला, सळगावकर क्लबचा कीपर, भारताचा कप्तान. १ नंबर म्हटला की मला याशिनच्या आधी ते दिसतात.

डावखुरा
पण रांगेत उभं राहून ज्याने तो नंबर आपल्या नावाचा ब्रँड करून टाकला, त्यालाच द्यायचा ना? राउल, फिगो, बेकहॅम सगळे थोर. आज गल्लीत शेंबडं पोर ७ ची जर्सी मागतं ते कोणासाठी?

नऊनंबरी
जर्सीविक्रीवर ठरवायचं तर मग फुटपाथवरच्या जर्सीवाल्यालाच विचार की.

कुपरेजचे_काका
बाळांनो, तुम्ही नंबर म्हणजे माणसाची खूण धरून चालला आहात. आमच्या काळी नंबर म्हणजे जागा होती. जॉर्ज बेस्ट कधी ७ घालून खेळायचा, कधी ११. त्या दिवशी ज्या बाजूला उभा, तो नंबर. इंग्लंडमध्ये मोसमभर एकाच खेळाडूला एकच नंबर, वर नाव, ही पद्धत प्रीमियर लीगने १९९३-९४ पासून लावली. इटलीत त्यानंतर दोन वर्षांनी.

नंबर आले ते १९२८ च्या ऑगस्टमध्ये, आर्सेनल आणि चेल्सी दोघांनी एकाच दिवशी घालून पाहिले. १९३३ च्या एफए कप फायनलला एव्हर्टन १ ते ११ आणि मँचेस्टर सिटी १२ ते २२ असे उतरले होते. एव्हर्टनच्या डिक्सी डीनच्या पाठीवर ९ होता. सेंटर फॉरवर्ड म्हणजे ९, हा रिवाज तिथून पुढचा.

तेव्हा संघ २-३-५ असा मांडायचे. मागून पुढे, उजवीकडून डावीकडे मोजत जायचं. १ कीपर, २ आणि ३ बॅक म्हणजे बचाव, ४-५-६ हाफ म्हणजे मधली फळी, ७ ते ११ पाच फॉरवर्ड. पुढे बचाव वाढवायला हाफलाइनमधली माणसं मागे ओढली, आणि इथेच प्रत्येक देशाने आपापली वाट धरली. इंग्लंडने मधला हाफ मागे घेतला, म्हणून तिथे ५ म्हणजे सेंटर बॅक, मधला बचावपटू. आर्जेंटिनात ५ मध्येच राहिला, तिथे आजही "सिंको" म्हणजे बचावाच्या पुढ्यात उभा राहून खेळ चालवणारा. त्यांचे बाजूचे हाफ खाली आले, म्हणून ४ उजवा बॅक आणि २ व ६ मधले. ब्राझीलमध्ये डावा बॅक ६. रॉबेर्तो कार्लोस रियालमध्ये ३ आणि ब्राझीलकडून ६ का घालायचा, त्याचं उत्तर हेच.

ज्युई
काका, दंडवत! झानेत्ती उजवा बॅक असून ४ का घालतो हे कोडं मला शाळेपासून होतं. तो आर्जेंटिनाहून नंबर सोबत घेऊन आला होता तर.

आता त्याच हिशेबाने धागाकर्त्याची टीम मैदानावर उतरवून बघते. काफू उजवा बॅक. झानेत्तीसुद्धा उजवा बॅक. बेकेनबाउअर लिबेरो, म्हणजे मागचा मोकळा बचावपटू, बारेसीही लिबेरो. म्हणजे उजवीकडे दोघे एकमेकांना वाट देत उभे, मध्ये दोघे मागून चेंडू घेऊन वर निघालेले, आणि प्रत्यक्ष माणूस धरणारा स्टॉपर एकही नाही. गिग्ज आणि ख्रिस्तियानो बचावाला परत येणार नाहीत. मॅराडोना तर नाहीच नाही. इनिएस्टा एकटा मधल्या फळीत. बिचारा.

रात्रपाळी
इनिएस्टा एकटा मधल्या फळीत, हसून हसून पुरेवाट. त्याला तरी केस गळायला कारण मिळेल.

पेठेतला
असला संघ आमच्या लीगमदी आणला तर पहिल्या हाफमदी चार खाऊन जाईल. नावं बघून कोण घाबरत न्हाई हितं.

शंकासुर
@ज्युई, मुद्दा बरोबर आहे, पण हा खेळ संघ बांधण्याचा आहे की मानकरी निवडण्याचा? दोन्ही एकदम करायचं तर कोडं सोडवावं लागेल. आणि ते सुटतं. बघा:

बेकेनबाउअरला ५ वर बसवायची सक्ती नाही. १९७४ चा विश्वचषक त्याने ५ घालून उचलला, पण १९६६ आणि १९७० मध्ये तो ४ घालूनच खेळला. इटलीविरुद्धची १९७० ची सेमीफायनल आठवा. खांदा निखळलेला, हात छातीशी पट्टीने बांधलेला, बदली खेळाडू संपलेले, आणि हा जादा वेळ संपेपर्यंत मैदानात. ४-३ ने हरले, पण फोटो आजही त्याचाच छापतात. त्या फोटोतला नंबर ४ आहे. तेव्हा बेकेनबाउअर ४ वर, झानेत्ती बाहेर, काफूची अडचण मिटली. ५ मोकळा झाला. तिथे झिदान. रियालमध्ये त्याने तोच घातला, आणि २००२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधली लेव्हरकुसेनविरुद्धची डाव्या पायाची व्हॉली त्याच जर्सीत आहे.

कुपरेजचे_काका
वा, शंकासुरा! पण ५ वर कान्नावारोचाही हक्क लागतो. २००६ साली इटलीचा कप्तान, त्याच वर्षी बॅलन डी'ऑर. ज्युईताई म्हणतात तो स्टॉपर हाच.

शंकासुर
काका, कान्नावारो घेतला तर झिदान १० च्या रांगेत जातो. तिथे आधीच पेले, मॅराडोना, मेस्सी, प्लातिनी, बाज्जो, पुश्काश उभे आहेत. रेशनच्या दुकानाला एवढी रांग नसते.

नऊनंबरी
रांगेत पेले पहिला. बाकीच्यांनी मागे व्हा.

मडगांवकर
युसेबियोचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. १९६६ च्या विश्वचषकात नऊ गोल, पाठीवर १३. उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल ०-३ ने मागे होता, ह्याने एकट्याने चार मारले, सामना ५-३. बेन्फिकाकडून तो १० घालायचा. रांगेत त्यालाही उभा करा.

गेर्ड म्युलर १९७० आणि १९७४ मध्ये १३. लोक १३ ला अशुभ का म्हणतात कोण जाणे. बचावपटूंसाठी असेल.

ज्युई
१० च्या रांगेत ब्राझीलची मार्ताही आहे, विसरू नका. विश्वचषकात १७ गोल, पाच वेगवेगळ्या स्पर्धांत. पुरुष धरा, बायका धरा, एवढे गोल दुसऱ्या कोणाचे नाहीत. नियमांत "फक्त पुरुष" असं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

डावखुरा
लिहिलेलं नाही हे खरं. आणि अमेरिकेच्या मिया हॅमला ९ वर विचारात घ्यायला हवं हेही खरं. पण ९ वर रोनाल्डोला हलवणं मला जमत नाही. १९९६-९७ चा बार्सिलोनाचा तो एक मोसम बघा, कोंपोस्तेलाविरुद्धचा गोल. अर्ध्या मैदानातून दोन-तीन जण जर्सी ओढतायत, लाथा घालतायत आणि हा पळतोच आहे. बेंचवरचा प्रशिक्षक बॉबी रॉबसन दोन्ही हात डोक्याला लावून उभा.

पेठेतला
९ वरनं झामोरानो आठवला. इंटर मिलानमदी १९९८ ला बाज्जो आला, १० त्याला गेला. मग रोनाल्डोनं ९ घेतला. ९ होता झामोरानोचा. त्यानं काय करावं? १८ घेतला आणि मधी बारीक अधिकचं चिन्ह लावलं. १+८. मानला आपण.

आमच्यात बी असलं झालेलं. दोघा फॉरवर्डांना १० च पाहिजे. जर्सी छापून आलेल्या, स्पर्धा दुसऱ्या दिवशी. आमच्या मॅनेजरनं काळी इन्सुलेशन टेप घेतली, वायरमनकडं असती ती, आणि एकाच्या १० मधल्या शून्याला आतनं आडवी-तिरकी पट्टी मारून १६ केला. वरची कड जर्सीच्या रंगाच्या टेपनं झाकली. लांबनं बघितलं तर १६ च. पण घाम आल्यावर हाफटाइमच्या आत झाकलेली टेप सुटली आणि पोरगं निम्मं १० निम्मं ८ घेऊन पळालं. रेफरीनं नाव लिवताना विचारलं, नेमका कितवा रं तू? पोरगं म्हणतंय, १०.

रात्रपाळी
"नेमका कितवा रं तू" 😂😂 धागा इथेच संपवा.

नऊनंबरी
झामोरानो निदान फॉरवर्ड होता. आर्सेनलमध्ये २००६ साली गॅलासला १० दिला होता, सेंटर बॅकला! फॉरवर्ड बर्गकाम्पनंतर! त्याच वर्षी चेल्सीने ९ दिला बुलाहरूझला, तोही बचावपटू. काकांची २-३-५ त्या वर्षी वारली.

कुपरेजचे_काका
त्याआधीच आचके देत होती. १९७४ ला नेदरलंड्सने आडनावाच्या अक्षरांनुसार नंबर दिले. १ आला खेल्सच्या वाट्याला, तो फॉरवर्ड. कीपर योंगब्लूट ८ घालून उभा. आर्जेंटिनानेही तेच केलं. १९८२ ला आर्दिलेस १ घालून मधल्या फळीत खेळला आणि कीपर फियोल ७. त्यांनी अपवाद केला तो मॅराडोनाचा, त्याला १०. तसा नेदरलंड्सने केला क्रायफचा, त्याला त्याचा १४.

शंकासुर
म्हणजे नियमाप्रमाणे आर्दिलेस १ नंबरासाठी पात्र आहे. याशिन, सरकून घ्या.

मडगांवकर
१ वर बुफोन कोणी कसा घेतला नाही? तसा त्यानेही घोळ घातलाच होता. २००० साली पार्मात ८८ घेतला. नवनाझी तो आकडा खुणेसारखा वापरतात म्हणून ज्यू समाजाने आक्षेप घेतला, मग ७७ केला. तेव्हापासून माझं मत असं की कीपरने १ घालावा आणि गप उभं राहावं.

ज्युई
११ चं काय करायचं? धागाकर्त्याने सुरुवातीलाच शंका काढली होती आणि आपण सगळे १० भोवती फिरतोय. माझं मत गारिंचा. १९५८ ला त्याच्या पाठीवर ११ च होता, शंकासुरांनी वर लिहिलंय. १९६२ ला ७ होता हे मान्य. पण १९५८ चा सोव्हिएत रशियाविरुद्धचा सामना घ्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ह्याने डाव्या बॅकला इतकं नाचवलं की एकदा चेंडू खांबाला, लगेच पेलेचा फटका आडव्या दांड्याला, आणि मग वावाचा गोल. आणि मागे उभा होता धागाकर्त्याचा १ नंबर, याशिन.

डावखुरा
भारी मुद्दा आहे, पण माझ्या शेवटच्या नियमात बसत नाही. गारिंचा म्हटलं की ७ आठवतो. ११ म्हटलं की गारिंचा कोणाला आठवतो?

नऊनंबरी
मग ११ म्हटलं की तुला गिग्ज आठवतो? मला रोमारिओ आठवतो. १९९४.

रात्रपाळी
मला सुनील छेत्री आठवतो. हसायचं नाही. नव्वदच्या वर आंतरराष्ट्रीय गोल आहेत, आणि ते करताना मागून पास द्यायला इनिएस्टा नव्हता. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध ०-० झाली, तो निरोपाचा सामना. संपल्यावर मैदानाला चक्कर मारताना त्याला रडू आवरेना, आणि इथे आमच्या शिफ्टमधला एकजण, जो एरवी आयपीएलशिवाय काही बघत नाही, मोबाइल हातात धरून गप्प. पुढच्या वर्षी गडी परत आला, कारण त्याच्या जागी गोल करणारा कोणी सापडेना. नियम काय होता? नंबर म्हटला की तोच माणूस डोळ्यांपुढे. भारतात ११ म्हटलं की दुसरा कोण येतो सांगा.

पेठेतला
+११

मडगांवकर
आमचा गोव्याचा ब्रुनो कुतिन्हो असता तर... असो. छेत्रीला माझं मत.

शंकासुर
गल्लीतल्या पोराच्या जर्सीवर ख्रिस्तियानोला ७ मिळत असेल, तर त्याच न्यायाने छेत्रीला ११ मिळतो. डावखुरासाहेब, तुमचाच नियम आहे.

डावखुरा
बरं. सुधारित यादी टाकतो. १ याशिन, २ काफू, ३ माल्दिनी, ४ बेकेनबाउअर, ५ झिदान, ६ बारेसी, ७ ख्रिस्तियानो, ८ इनिएस्टा, ९ रोनाल्डो, १० मॅराडोना, ११ छेत्री. झानेत्ती गेल्याचं वाईट वाटतंय. स्टॉपर अजूनही नाही हे मान्य, बारेसी सांभाळून घेईल.

कुपरेजचे_काका
६ वर बॉबी मूर का नको? १९७० ला ब्राझीलच्या जैर्झिन्योसमोरून ज्या सफाईने त्याने चेंडू काढून घेतला, तसा टॅकल आज शिकवूनही येत नाही. इंग्लंडचा आजवरचा एकमेव विश्वविजेता कप्तान, आणि वेस्ट हॅमने ६ निवृत्त केलाय.

ज्युई
आणि ६ वर शावी? शिवाय बार्सिलोनात शावी ६, इनिएस्टा ८. स्पेनकडून उलट, शावी ८, इनिएस्टा ६. २०१० च्या फायनलचा गोल इनिएस्टाने ६ घालूनच मारलाय. तेव्हा ६ इनिएस्टा, ८ शावी करा, मधल्या फळीत निदान दोन माणसं होतील.

डावखुरा
मग बारेसी बाहेर? मागे कोण उभं राहणार, काफू?

ज्युई
माल्दिनीला मध्ये घ्या. तो तिथेही खेळलाय.

नऊनंबरी
एवढं सगळं बदलताय तर १० पण बदला.

डावखुरा
नाही.

शंकासुर
१२ ते २३ साठी वेगळा धागा काढतो. १२ बायर्न म्युनिकच्या पद्धतीने प्रेक्षकांना देऊन टाकू, तेवढंच एक भांडण कमी. १३ युसेबियो की म्युलर, मडगांवकरांनी ठरवावं. १४ क्रायफ.

मडगांवकर
युसेबियो. आणि १४ वर ऑन्री का नको?

कुपरेजचे_काका
नवा धागा निघू दे, तिथे बोलतो. लिंक टाका.